गेलेल्या माणसाचा फोटो परस्पर वापरला गेला, तर काय करायचं

सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत वारलेल्या आजोबांचा फोटो. दिवंगत शिक्षिकेच्या नावाने उघडलेलं नवं फेसबुक खातं आणि तिथून जुन्या विद्यार्थ्यांकडे पैशांची मागणी. एआयने बोलते केलेले कीर्तनकार, कुठल्याशा ॲपची शिफारस करताना. असं काही दिसलं की घरच्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘आमच्या माणसाच्या गोपनीयतेचा भंग झाला.’ भारतात न्यायालयात सर्वांत लवकर कोसळणारा मुद्दा नेमका हाच.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरला, पण तो जिवंत व्यक्तीचा. जयललितांच्या जीवनावरील चित्रपट थांबवा म्हणून त्यांची भाची न्यायालयात गेली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं की माणसाची गोपनीयता आणि हयातीत कमावलेली प्रतिष्ठा त्याच्याबरोबर संपते, ती वारसाला मिळत नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये हीच रेघ पुढे ओढली: गोपनीयता, प्रसिद्धीचा हक्क, व्यक्तिमत्त्वाचा हक्क, काहीच वारसाहक्काने येत नाही. जिवंत कलावंतांना उच्च न्यायालयं चेहऱ्याचं आणि आवाजाचं भरभक्कम संरक्षण देत आहेत, त्या बातम्या वाचून कुटुंबं फसतात. ते आदेश आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

म्हणजे हात बांधलेले आहेत असं नाही. चेहऱ्यावर हक्क नसला तरी फोटोवर असतो. खोट्या जाहिरातीवर, तोतयेगिरीवर, बदनामीवर, ट्रेडमार्कवर वेगवेगळे कायदे आहेत. आपल्या प्रकरणाला त्यातला कोणता लागतो हे ओळखणं, एवढंच खरं काम.

आधी पुरावा, मग आरडाओरडा

सगळे नातेवाईक मिळून पोस्टला ‘रिपोर्ट’ मारतात, खाली कमेंटमध्ये भांडतात, समोरचा घाबरून पोस्ट उडवतो आणि आठवड्याने त्याच फोटोची जाहिरात दुसऱ्या पेजवर सुरू होते. हातात काही उरत नाही. म्हणून पहिला तासभर कुणीही काही रिपोर्ट करायचं नाही. अपवाद दोनच: पैसे उकळणं चालू असेल किंवा मजकूर अश्लील असेल. तिथे स्क्रीनशॉट घेऊन लगेच तक्रार करा.

काय जपायचं? पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात वेबपत्ता, तारीख आणि खात्याचं नाव दिसतं. पोस्टची स्वतंत्र लिंक, नुसत्या पेजची नव्हे. व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग, सुरुवात प्रोफाइलपासून करून. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची पैसे भरून केलेली जाहिरात असेल तर मेटाच्या ‘ॲड लायब्ररी’त पेजचं नाव टाकून शोधा. तिथे प्रत्येक जाहिरातीला क्रमांक असतो, तो टिपून घ्या. पोस्ट उडाली तरी क्रमांकाच्या आधारे विचारणा करता येते. छापील वस्तू असेल तर एक नग विकत घ्या आणि बिल मागा. फ्लेक्स असेल तर आजूबाजूची खूण दिसेल असा फोटो काढा आणि कोपऱ्यातलं मुद्रकाचं नाव जवळून टिपा.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: भाग ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी हा आकडा बदलतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ (certutil) नावाची आज्ञा आधीपासून असते, एसएचए-256 पद्धतीने ती 64 अक्षरांची किंमत देते. ती कागदावर लिहा, तारीख-वेळ घाला, सही करा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून एकमेकांना पाठवत बसू नका, व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं आणि तिच्यातली मूळ माहिती निघून जाते.

याच वेळी घरचे कागद गोळा करा: मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा पुरावा, तक्रारदाराचं ओळखपत्र, इतर वारसांचं संमतिपत्र. फेसबुकसारख्या प्लॅटफॉर्मला एवढं बहुधा पुरतं. मालमत्तेच्या हक्कावरून दावा लावायची वेळ आली आणि वारसाबद्दल वाद निघाला, तर महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेता येतो. त्याला महिने लागतात, तेव्हा त्यासाठी बाकीची कामं अडवू नका. दाखल्याची प्रत कुठेही चढवताना आधार क्रमांक झाका.

फोटो कोणी काढला होता?

आमच्या मते सगळ्या प्रकरणात हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि तो फारच थोडे लोक विचारतात. कॉपीराइट फोटोतल्या माणसाचा नसतो, फोटो काढणाऱ्याचा असतो. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये कुटुंबांना फायद्याचा एक अपवाद आहे: कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो फोटो काढून घेणारा.

लग्नाचा अल्बम, साठीशांतीचे फोटो, स्टुडिओतलं पोर्ट्रेट हे सगळं त्यात येतं. त्यामुळे स्टुडिओने वारलेल्या आईचा लग्नातला फोटो काचेत लावला किंवा स्टॉक फोटोच्या साइटवर विकला, तर कुटुंबाची बाजू भक्कम असते. फक्त जुनी पावती शोधा आणि तिची मागची बाजू वाचा. ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे’ अशी बारीक अक्षरातली ओळ असेल आणि खाली घरच्यांची सही असेल, तर पारडं फिरतं.

सेल्फी असेल तर कॉपीराइट गेलेल्या व्यक्तीचाच होता आणि तो इतर मालमत्तेसारखा वारसांकडे येतो. वृत्तपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकाराने काढलेला फोटो असेल तर वृत्तपत्राला कळवा, त्यांच्याकडून हालचाल जलद होते. पुतण्याने किंवा शेजाऱ्याने मोबाइलवर काढला असेल तर मालक तो. सहलीत कुणा मित्राने काढलेला फोटो घरच्यांनी फ्रेम करून दहा वर्षं भिंतीवर लावला, तरी तो कुटुंबाचा होत नाही. अशा वेळी त्याच्याकडून हक्क लेखी लिहून घ्या. तोंडी ‘घ्या की’ चालत नाही. कलम 19 नुसार लेखात सही, कोणता फोटो, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे हवं. मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही निसटू शकतो, लेखात वेगळं म्हटलं असेल तरच वाचतो. म्हणून मजकूर साधारण असा ठेवावा:

‘सोबत जोडलेल्या, मी (तारीख) रोजी काढलेल्या छायाचित्राचा संपूर्ण कॉपीराइट मी श्री./श्रीमती … यांना, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, सर्व माध्यमांसाठी, रु. … मोबदल्यात हस्तांतरित करत आहे. हक्काचा वापर एका वर्षात झाला नाही तरी हे हस्तांतर रद्द होणार नाही.’ खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. फोटोची छापील प्रत जोडून तिच्यावरही सही.

मुदतीचं गणित: 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1958 पूर्वी काढलेल्या फोटोंची मुदत साधारणपणे संपलेली असते, पणजोबांच्या जुन्या फोटोवर हा उपाय बहुतेक चालत नाही. हक्क लागू व्हायला नोंदणी सक्तीची नाही.

कॉपीराइट हाताशी असेल तर प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइट फॉर्मवरून तक्रार करा, इतर कुठल्याही रिपोर्टपेक्षा तिची दखल लवकर घेतली जाते. समोरच्याने प्रतिदावा केला तर अमेरिकी कायद्यावर चालणारे प्लॅटफॉर्म साधारण 10 ते 14 कामकाजी दिवसांत मजकूर परत लावतात, तेवढ्यात दावा दाखल करावा लागतो. भारतीय मार्गाने गेलात तर 2013 च्या कॉपीराइट नियमांतला नियम 75 आहे: मालकीचा तपशील, मजकुराचा पत्ता आणि दावा लावण्याची हमी देऊन लेखी तक्रार करायची, मध्यस्थ कंपनीने (म्हणजे प्लॅटफॉर्मने) 36 तासांत मजकूर अडवायचा, आणि तुम्ही 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणायचा. तो आला नाही तर मजकूर पुन्हा दिसू लागतो. वकील न गाठता नियम 75 चा बाण सोडला की तो बहुतेक वेळा बाविसाव्या दिवशी परत येतो.

दावा कुठे? कलम 62 मुळे आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, समोरचा दिल्लीत असला तरी. नुकसानभरपाईची मुदत 3 वर्षं. फोटो आपला नसताना कॉपीराइटची धमकी मात्र देऊ नका, कलम 60 खाली समोरचाच उलट दावा करू शकतो.

प्लॅटफॉर्मकडे तक्रार

फोटोचा कॉपीराइट आपला नसेल, किंवा चेहरा एआयने नव्याने घडवला असेल, तर माहिती तंत्रज्ञान नियम 2021 हा रस्ता. प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि ईमेल साइटवर असतो. ॲपमधल्या तीन ठिपक्यांवरून केलेला रिपोर्ट आणि या अधिकाऱ्याला पाठवलेली तक्रार या वेगळ्या गोष्टी आहेत. अपील फक्त दुसरीवरून करता येतं. मूळ नियमांत 24 तासांत पोच, 15 दिवसांत निकाल, आणि तोतयेगिरी किंवा छेडछाड केलेल्या प्रतिमा असतील तर 24 तासांत कारवाई, अशा मुदती होत्या. फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने त्या आणखी आवळल्या आणि एआयने बनवलेल्या मजकुरावर तसं लेबल सक्तीचं केलं. बिनलेबलाचा बोलता व्हिडिओ असेल तर तक्रारीत तो मुद्दा पहिल्या ओळीत टाका.

ईमेलच्या विषयात ‘नियम 3(2) खाली तक्रार’ असं लिहा. आत: लिंक, व्यक्ती कधी वारली, तुमचं नातं, मजकुरात खोटं काय आहे, सोबत मृत्यूचा दाखला. भावनिक दोन पानं लिहू नका, वाचणारा सेकंदात ठरवतो. उत्तर समाधानकारक नसेल तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्याला शुल्क नाही.

मृत व्यक्तीचं स्वतःचं खातं हा वेगळा विषय. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ते स्मृतिखातं करता येतं किंवा जवळच्या नातेवाइकाच्या विनंतीवरून काढता येतं. स्मृतिखातं केल्यावर कुणालाही लॉगिन करता येत नाही, म्हणजे कुणी पासवर्ड चोरून ते वापरण्याचा धोका संपतो. पण आतले मेसेज आणि फोटोही घरच्यांना मिळत नाहीत. घाईत फॉर्म भरण्याआधी हे घरात बोलून घ्या.

पोलीस की थेट न्यायालय

पैशांची फसवणूक चालू असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. संगणकीय साधन वापरून तोतयेगिरीने फसवणूक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ड: 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम 319सुद्धा तोतयेगिरीचं. त्यात खरी किंवा काल्पनिक, कोणत्याही व्यक्तीचं सोंग चालतं, तेव्हा ‘माणूस तर मेलाय’ ही पळवाट इथे नाही. फिर्यादी मात्र शक्यतो फसवला गेलेला माणूस असावा. ज्या विद्यार्थ्याने पैसे पाठवले त्यालाच पुढे करा.

बदनामी असेल तर न्याय संहितेच्या कलम 356 चं पहिलं स्पष्टीकरण नीट वाचावं. मृत व्यक्तीवर केलेला आरोप बदनामी ठरतो, पण दोन अटी एकत्र जुळल्या पाहिजेत: ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता, आणि आरोप कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला होता. दुसरी अट सिद्ध करणं अवघड. त्यासाठीच एक साधी गोष्ट करा: नोटीस पाठवून ‘यामुळे आम्हाला यातना होत आहेत, काढा’ असं कळवा. त्यानंतरही मजकूर ठेवला किंवा वाढवला, तर हेतू दाखवायला आधार मिळतो.

हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतील आणि तुम्ही चिडाल. चिडू नका, कायदाच तसा आहे: तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायची असते, 3 वर्षांच्या आत. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 223 मुळे दखल घेण्याआधी समोरच्याचंही ऐकलं जातं, तारखा लांबतात. दिवाणी बदनामीचा दावा मात्र मृताच्या वतीने चालत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या राजगोपाल निकालापासून (1994) सार्वजनिक नोंदींवर आधारित लिखाणाला मोठी मोकळीक आहे. आजोबांवरच्या खटल्याचं खरं वृत्त कुणी पुन्हा छापलं, तर ते थांबवण्याच्या नादी लागू नये.

एका बाबतीत कायदा कमालीचा कडक आहे. लैंगिक अत्याचाराच्या बळीची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद, आणि ती व्यक्ती मरण पावली म्हणून तो सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निपुण सक्सेना निकालानुसार आईवडिलांच्या संमतीनेही नाव-फोटो प्रसिद्ध करता येत नाही, सत्र न्यायाधीशांनी परवानगी दिली तरच. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये मृत डॉक्टरचे फोटो सगळ्या समाजमाध्यमांवरून हटवायला सांगितले होते. ‘न्याय द्या’ म्हणून फोटो फिरवणारेही यात अडकतात. गावातल्या कँडल मार्चचा फ्लेक्स छापण्याआधी हे कुणीतरी मंडळाला सांगायला हवं.

जाहिरात, लेबल, कॅलेंडर

तेलाच्या जाहिरातीत आजोबांच्या तोंडी खोटा अनुभव घातला असेल तर ती ग्राहकांची दिशाभूल आहे. जाहिरात मानक परिषदेकडे (एएससीआय) ऑनलाइन तक्रार करा, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 21 खाली पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत, पुढच्या वेळी 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे वारस असणं सिद्ध करावं लागत नाही, जाहिरात खोटी असणं पुरतं. जाहिरात सुरू झाली तेव्हा आजोबा हयातही नव्हते, हे मृत्यूच्या दाखल्यावरच्या तारखेने दिसतं.

कुणी नाव किंवा चेहरा ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला निघाला असेल तर 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 14 कामाला येतं. अर्जाच्या तारखेआधी 20 वर्षांच्या आत वारलेल्या व्यक्तीशी खोटा संबंध सुचवणारं चिन्ह असेल, तर निबंधक कायदेशीर प्रतिनिधीची लेखी संमती मागू शकतात. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्जाची जाहिरात आल्यापासून 4 महिन्यांत टीएम-ओ फॉर्मवर हरकत घ्यायची, ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी 2,700 रुपये. 4 महिन्यांच्या या मुदतीला सवलत नाही. मसाले, मिठाई, तपकिरीच्या डब्यांवर संस्थापकाचा फोटो असलेल्या घराण्यांनी तो फोटो स्वतःहून ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवावा. भावाभावांत वाटण्या झाल्या की पहिला झगडा त्या डब्यावरच्या चेहऱ्यावरून होतो.

छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांच्यासाठी मात्र स्वतंत्र कायदा आहे, 1950 चा बोधचिन्हे आणि नावे कायदा. त्यांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारात वापरता येत नाही. सूट आहे ती कॅलेंडरला, तेही फक्त निर्माता आणि मुद्रकाचं नाव असेल आणि मालाची जाहिरात नसेल तरच. दुकानाचा पत्ता आणि ‘दिवाळीनिमित्त खास सवलत’ असलेलं शिवरायांचं कॅलेंडर या सुटीत बसत नाही. पण या कायद्याने ठरवलेला दंड 500 रुपयांपर्यंत, आणि खटल्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी. बाजारात फिरलं की त्याचा धाक किती आहे ते कळतं.

परदेशात असलेले, आणि अजून हयात असलेले

नातेवाईक मृत्यूसमयी कुठे वास्तव्यास होते, यावर बरंच काही फिरतं. कॅलिफोर्नियात मृत्यूनंतर 70 वर्षं, न्यूयॉर्कमध्ये 40 वर्षं चेहऱ्याच्या व्यापारी वापरावर वारसांचा हक्क असतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी दाव्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि मूळ व्यक्तीच्या चेहऱ्याला व्यापारी मोल असावं लागतं. जर्मनीत सामान्य माणसालाही संरक्षण आहे: मृत्यूनंतर 10 वर्षं फोटो प्रसिद्ध करायला जोडीदार आणि मुलांची संमती लागते, ते नसतील तर आईवडिलांची. ब्रिटनमध्ये असा वेगळा हक्क नाही, तिथे पुन्हा फोटोचा कॉपीराइटच शोधावा लागतो.

हयात असताना करायची कामं थोडी आहेत. मृत्युपत्रात, दोन साक्षीदारांच्या सहीने, आपले फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रणं यांचा कॉपीराइट कुणा एकालाच द्यावा. पाच वारसांत वाटला तर नोटिशीवर पाच सह्या गोळा करत फिरावं लागतं. गूगलमध्ये निष्क्रिय खाते व्यवस्थापकात 3, 6, 12 किंवा 18 महिन्यांची मुदत लावता येते, फेसबुक आणि ॲपलमध्ये वारस-संपर्क नेमता येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 14 मध्ये मृत्यूनंतरच्या हक्कांसाठी नामनिर्देशनाची सोय आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

गायक, कीर्तनकार, नट, शाहीर यांनी निर्मात्याशी करार करताना एक कलम आवर्जून घालावं: ‘या ध्वनिमुद्रणावरून माझा आवाज किंवा चेहरा कृत्रिमरीत्या तयार करण्याचा, किंवा त्यावर एआय शिकवण्याचा हक्क दिलेला नाही, माझ्या पश्चात अशी परवानगी फक्त … लेखी देऊ शकतील, आणि मोबदला वेगळा ठरेल.’ वारसाहक्काने चेहरा मिळत नसला तरी करार वारसांना राबवता येतो. 2024 च्या सुरुवातीला ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा कुटुंबांची परवानगी घेऊन मानधन दिलं. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज न विचारता वापरल्याबद्दल त्यांच्या मुलाला निर्मात्यांना नोटीस पाठवावी लागली. करारातल्या त्या रिकाम्या जागेत नाव लिहिताना दुसऱ्या क्रमांकाचंही एक लिहा, पहिला माणूस आपल्याआधी जाऊ शकतो.